तुकडीचे डोळे

पातळ तपकिरी रंगात बुडवलेला ब्रश त्याने धातूच्या सैनिकाच्या कपाळाला नुसता टेकवला आणि रंग आपला आपण खाली उतरला. हे असंच होतं, हे रविवारच्या खेळातल्या सेनापतीने त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. रंग पाण्यासारखा पातळ केला की उंचवट्यांवर थांबत नाही, खाचांमध्ये जाऊन बसतो, आणि मग मसुराएवढ्या धातूच्या गोळ्यावर नाक, ओठ, हनुवटी असं सगळं उगवून येतं. तो भिंगातून बघत राहिला. रंग भुवयांखाली साचला, नाकाच्या दोन्ही बाजूंनी वाहिला, ओठांच्या कडांना जाऊन थबकला, आणि गालावरच्या एका बारीक टेंगळाभोवती फिरून त्याचा तीळ झाला. छातीवर चिलखत, गळ्याशी श्वासाची नळी, हातात किरण सोडणारी बंदूक, आणि त्या सगळ्याच्या वर त्याची आई. खाली बघत होती. भाजी निवडताना बघते तशी. त्याला आधी हसूच आलं. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतून काहीतरी सटकन निघून गेलं, जिना उतरताना एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी तसं. तो ब्रश पाण्याच्या पेल्यात ठेवायला गेला आणि त्याने तो चहाच्या कपात ठेवला. पुन्हा भिंगातून बघितलं. आईच. फक्त तीळ चुकीच्या गालावर होता.

रविवारची दुपार होती. आत बायको फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर रंगांच्या बुटक्या बाटल्या. सगळं आपल्या जागी होतं. त्या सगळ्याच्या मधोमध बाटलीच्या बुचावर चिकटवलेली, करंगळीएवढी आई उभी होती. भास असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. ढगात नाही का घोडे दिसत? शिवाय चेहऱ्यांच्या बाबतीत आपली नजर आधीच बिघडलेली. ते तर त्याचं पोटापाण्याचं काम होतं. ओळखपत्रांच्या कार्यालयात त्याच्यासमोरच्या पडद्यावर दिवसभर लोकांचे फोटो येत, आणि त्याच्या हाताखाली दोनच बटणं असत, एक 'चालेल' आणि एक 'परत'. परत पाठवायचं तर कारण निवडायचं. चेहऱ्यावर सावली. मान वाकडी. डोळे मिटलेले. या शेवटच्या कारणावर त्याचा हात इतका बसला होता की बाकीचे कारकून त्याला डोळेवाले साहेब म्हणत. मागे एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन खिडकीपर्यंत आली होती. "साहेब, तीनदा परत आला हो फोटो. हे बाळ झोपलेलंच असतं."

"मग जागं असताना काढा," तो म्हणाला होता.

"जागं असतं तेव्हा रडतं. तोंड वाकडं होतं. त्यालाही तुम्ही परतच पाठवणार."

मागची रांग हसली होती. तोही हसला होता. पण नियम तो नियम. माणूस ओळखायचा तर डोळे उघडे हवेत, हे त्याला मनापासून पटलेलं होतं.

ही तुकडी त्याने नोकरी लागण्याआधी, साठवलेल्या पैशांतून घेतली होती. कुठल्यातरी विझलेल्या सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावर शेवटपर्यंत लढत राहिलेले सैनिक, शिरस्त्राण काढून काखेत धरलेले, मऊ राखाडी धातूचे. खोक्यावरच्या चित्रात ते निळ्या चिलखतात चमकत होते. आत मात्र सगळे बिनरंगाचे, कारण रंग घेणाऱ्याने द्यायचा. खेळणारे मित्र होते, नकाशा होता, फासे होते, नियमांचं जाडजूड पुस्तक होतं. उणीव एवढीच राहिली की याने रंग कधी दिलाच नाही. पुढे नोकरीच्या गावी नवे मित्र मिळाले, त्यांच्यात औषधांचं दुकान चालवणारा एक भरघोस मिशांचा गृहस्थ होता, त्यालाच सगळे सेनापती म्हणत. त्याच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी युद्ध होई. बाकीच्यांची रंगवलेली सैन्यं टेबलावर येत आणि हा आपल्या सैनिकांच्या जागी बाटल्यांची झाकणं मांडत असे. "खरे घरी आहेत. पुढच्या महिन्यात रंगवतोच," असं सांगून त्याने वर्षांमागून वर्षं काढली. झाकणं जिंकली, हरली, हरवली. शेवटी गेल्या महिन्यात सेनापतीने मिशांवरून हात फिरवत निकाल दिला, "आता पुरे. रंग न दिलेला माणूस टेबलावर येणार नाही, आणि झाकणाशी मी यापुढे लढणार नाही. माझी पण काही इभ्रत आहे."

खरं कारण त्याने सेनापतीलाच काय, बायकोलाही सांगितलं नव्हतं. कारण असं काही नव्हतंच, नुसतं एक वाक्य होतं. खोकं घरी आणलं त्या दिवशी बाबांना सुट्टी होती. बाबा ठसे कोरणारे. पदकं, बिल्ले, शाळांची मानचिन्हं जिथे छापली जात त्या कारखान्यात पोलादावर चेहरे कोरायचं काम त्यांनी जन्मभर केलं. तेही उलटे. पोलादात उलटं कोरायचं तेव्हा पदकावर सुलटं उठतं. डावा कान उजवीकडे, भांग या बाजूचा त्या बाजूला. इतकी वर्षं उलटं कोरून त्यांचा हात सुलटं विसरलाच होता. सही करतानासुद्धा क्षणभर थांबायचे. कामही असं की जादा पाळ्या कायमच्या. हा झोपल्यावर ते घरी येत आणि हा शाळेत जाई तेव्हा ते झोपलेले असत. सुट्टीच्या दिवशी तोंडासमोर वर्तमानपत्र. बाबांनी आपल्याकडे असं समोरून, तोंडाकडे तोंड करून बघितल्याची एकही आठवण त्याच्यापाशी नव्हती, आणि ही गोष्ट तो मित्रांना विनोद म्हणून सांगे. आमचे बाबा रस्त्यात भेटले असते तर मला ओळखलं नसतं, असं म्हणे. त्या दिवशी मात्र बाबांनी खोक्यातला एक सैनिक उचलला, खिडकीशी नेला, बोटांत फिरवला आणि म्हणाले, "साचा घाईत काढलाय. तोंडं उठलीच नाहीत यांची." मग तो परत ठेवला, आणि थोड्या वेळाने दुसरं वाक्य, "माझ्याबरोबर बसत जा. भिंग लाव. हात बघू तुझा." हा म्हणाला, "मला नाही बसायचं तिथे. मला कार्यालयातली नोकरी लागतेय." बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. रागावले असते, दोन शब्द सुनावले असते तर भांडता आलं असतं. त्या 'बरं'ला कुठून धरायचं हेच त्याला कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून तो ते जन्मभर धरून बसला. पुढच्याच महिन्यात घर सोडलं. खोकं माळ्यावर राहिलं. बाबा गेले तेव्हा तो दोन दिवस जाऊन आला, रडू आलं नाही, आणि परतताना बसमध्ये त्याला त्याची लाज वाटली. नंतर बहिणीने घर आवरताना ते खोकं आणून दिलं. "घे बाबा तुझी खेळणी." आत सैनिकांच्या कापसावर फडक्यात गुंडाळलेली बाबांची कोरणी होती, लाकडी मुठीची, टोक अजून धारदार. चुकून आली असणार असं तो तेव्हा समजला. बाबांच्या वस्तू घरभर पडलेल्याच असायच्या.

गेल्या रविवारी त्याने कंबर कसली होती. आधी साफसफाई, असं सेनापतीचं सांगणं. साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ धातूवर राहते, कुठे उगाच टेंगूळ येतं, कुठे खाच भरून जाते. ते सगळं तासून, कोरून घ्यायचं, नाहीतर रंगाखाली नेमकं तेच उठून दिसतं. बाजारातलं पातं बोथट निघालं म्हणून त्याने कोरणी घेतली. हातात छान बसली. बायको जवळच कपड्यांच्या घड्या घालत होती, ती म्हणालीसुद्धा, "शोभतंय की तुला." तासताना त्याच्या लक्षात आलं की या तुकडीच्या साच्यात खरंच दोष होता. एकूण एक सैनिकाचे डोळे बंद. पापण्या फुगीर, खाली गुळगुळीत उतरलेल्या, बुबुळाची जागाच नाही. बाबा म्हणाले होते ते खरं होतं तर, तोंडं उठलीच नव्हती. शिवाय जवळजवळ प्रत्येकाच्या एका भुवईवर तीच आडवी चीर, म्हणजे साच्यालाच तडा गेलेला असणार. त्याने चिरी घासून सपाट केल्या. आणि मग कोरणीचं टोक पापणीखाली टेकवून, श्वास रोखून, एकेक डोळा उघडला. हे काम त्याला फार आवडलं. हलकी किरकिर व्हायची, धातूची केसाएवढी कात निघायची, आणि खाली बारीक फट पडायची, जिच्यात पुढे पांढरा ठिपका आणि त्यात काळा ठिपका द्यायचा. सगळ्यांचे डोळे उघडून त्याने त्यांच्यावर प्रायमरचा, म्हणजे अस्तराच्या रंगाचा, काळा फवारा मारला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने वाळत ठेवले. आज सकाळी खोक्याच्या तळाशी, कापसाच्या खाली, आणखी दोघे सापडले. आता कुठे पुन्हा तासत बसा, असा कंटाळा करून त्यातला एक त्याने न तासता तसाच बुचावर चिकटवला, त्वचेचा रंग दिला, वाळवला, आणि वर तो पातळ तपकिरी.

तो उठला. आईला बुचासकट हातात धरून न्हाणीघरात गेला आणि दाढीच्या आरशासमोर तिला उभं केलं. आरशात तीळ उडी मारल्यासारखा या गालावरून त्या गालावर गेला, आणि मग शंकेला जागाच उरली नाही. पुढचा एक दात किंचित वर आल्याने वरचा ओठ उचललेला असतो तोसुद्धा होता. ढगात घोडा दिसतो, पण घोड्याचा दात दिसत नाही. उलटं कोरणारा हात. आयुष्यभर पोलादात उलटं कोरलेला हात, ज्याला इथे सुलटं चाललं असतं पण ते आठवलं नाही.  तो तिथेच बादली पालथी घालून तिच्यावर बसला, आणि खिशातून फोन काढून आईला लावला. आई त्याच्या बहिणीकडे राहत होती आणि फोन कानाला लावण्याऐवजी तोंडासमोर धरून ओरडत असे.

"आई, बाबांनी माझ्या खोक्याला कधी हात लावला होता का? सैनिकांच्या?"

"कसल्या?"

"ती बाहुल्यांसारखी माणसं. धातूची."

"मग? तेच तर करत बसायचे," आई म्हणाली, जसं काही काल संध्याकाळचीच गोष्ट. "तू गेलास ना, त्यानंतर. कारखान्यातून यायचे, जेवायचे आणि तुझ्या खोलीत जाऊन भिंग लावून बसायचे. मी म्हटलं, पोराच्या वस्तूंना कशाला हात लावता? तर म्हणे, साचा वाईट आहे, दुरुस्त करतोय."

"तुला समोर बसवलं होतं त्यांनी?"

"बसवलं होतं की. मी भाजी निवडत होते. हलू नको म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली तरी कधी धड बघितलं नव्हतं माझ्याकडे, त्या दिवशी आपले बघतायत, बघतायत. मला वाटलं, माझं काही चुकलं की काय." ती हसली. "माझा एकच केला. बाकीचे सगळे तू."

त्याला ऐकू आलं, पण कळलं नाही. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता.

"सगळे मी म्हणजे?"

"अरे, तूच. लहान होतास तेव्हाचा, गोवर आला होता तेव्हाचा, मिसरूड फुटलं तेव्हाचा. झोपाळ्यावरून पडून भुवई फुटली होती ना तुझी, ती खूणसुद्धा सोडली नाही. भिंगातून दाखवायचे मला. मी म्हटलं, अहो, छान आहेत, पण पोराचे डोळे का मिटलेत सगळीकडे? एखादा तरी जागा करा." आईने खोकून घसा साफ केला. "तर म्हणाले, मला तो असाच माहीत आहे."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यायचे ना रोज, तू झोपल्यावर," आई म्हणाली. "जेवण वाढून ठेवलेलं असायचं, तरी आधी तुझ्यापाशी जाऊन बसायचे. दिवासुद्धा लावायचे नाहीत, दाराआडून येईल तेवढ्या उजेडात बघायचे. मी चिडायचे, अन्न गार होतं म्हणून. तू अजून खोकं उघडलंच नव्हतंस होय? आम्हाला वाटलं, दिवाळीला आलास तेव्हा माळ्यावरून काढून उघडलंस आणि तुला आवडलं नाही. ते म्हणाले, त्याला विचारू नको."

"आई, मी नंतर करतो फोन."

"जेवलास का?"

"हो."

खोलीत आल्यावर त्याने कट्ट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि थेट कट्ट्याकडेच बघितलं. तिथे ते ओळीने उभे होते, काळे, आणि सगळे जागे होते. त्याने पहिला उचलला. कोपर टेबलावर टेकवलं. काळ्यावर काही दिसेना, तेव्हा त्याने त्वचेचा रंग घेतला, बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने तो घाईघाईने वाळवला आणि ब्रश पातळ तपकिरीत बुडवून कपाळाला टेकवला. रंग उतरला. गाल पोरासारखे फुगीर, हनुवटीला खळी, ओठ थोडे विलग, तोंडाने श्वास घेण्याची त्याची लहानपणची सवय त्या ओठांत होती. भुवईवर मात्र काहीच नाही, स्वच्छ घासलेलं. आणि खाली दोन फटी, एक मोठी, एक तिरकी, त्यांच्यात रंग साचून काळाभोर झालेला. भरझोपेतून गदागदा हलवून उठवलेल्या पोराचा भेदरलेला चेहरा. भिंगातून तो स्वतःच स्वतःकडे बघत होता आणि ओळखत नव्हता. त्याने दुसरा घेतला. तिसरा घेतला. मिसरूड फुटलेल्याची पापणी त्याने नाकापर्यंत फाडली होती. किती समाधानाने केलं होतं हे. बाबांच्याच कोरणीने. श्वास रोखून, एकेक. किती रात्री बसला असेल तो माणूस एका पापणीसाठी, पापणी मिटलेली दिसावी पण मेलेली दिसू नये यासाठी, आणि याने ती एका दुपारी साचा वाईट म्हणून कापून काढली. चेहरे बघण्याचा पगार घेणारा माणूस. डोळेवाले साहेब. त्याला वाटलं, ओरडावं, पण ओरडून कुणाला सांगायचं? माझ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं होतं, असं? सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं?

मग त्याला कात आठवली. कोरणीखालून निघालेली, केसाएवढी. वर्तमानपत्रावर तिचा बारीक चकचकीत ढीग झाला होता. तिचं काय करणार होता हे त्याला माहीत नव्हतं, पण तो वाकून टेबलाखाली, खुर्चीखाली बघू लागला.

बायको दारात येऊन उभी राहिली. "काय हरवलं?"

"गेल्या रविवारचा पेपर. इथे होता तो."

"तो झटकून टाकला मी तेव्हाच. त्यावर कचराच होता ना सगळा?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "अरे, काय झालं? पांढराफटक पडलायस."

"काही नाही," तो म्हणाला, आणि तेव्हाच त्याला दुसरा आठवला. तळाशी दोघे सापडले होते. एक आई. त्याने खोकं ओढलं, कापूस उपसला. दुसरा तिथेच होता, राखाडी, बिनरंगाचा, त्याच्या हातातून कंटाळ्याने वाचलेला. तो टेबलावरच्या मोठ्या दिव्याखाली त्याने धरला आणि भिंग लावलं. या सैनिकाची मान किंचित कलती होती. गाल खांद्याकडे झुकलेला, पापण्या फुगीर आणि मिटलेल्या, एका भुवईवर आडवी बारीक चीर. हा कधीचा, हे त्याला कळायला वेळ लागला. हा शेवटचा असावा. घर सोडायच्या आधीचा. त्या रात्री सामान बांधून हा झोपला तेव्हा, 'बरं' म्हणून झाल्यानंतर, तो माणूस पुन्हा येऊन बसला होता. अंधारात. तोंडाकडे तोंड करून. त्याने ब्रश उचलला, पातळ तपकिरी घेतला, टोकाशी एकच थेंब आणला. आणि कपाळापर्यंत नेऊन थांबला. रंगाचीही भीती वाटली. मग त्याने ब्रश पेल्यात ठेवला, या वेळी पाण्याच्या, आणि सैनिकाला आईच्या शेजारी टेबलावर उभं केलं.

"आज संध्याकाळी न्यायचेत ना हे?" बायको जवळ येऊन वाकली. तिला त्यातलं फारसं कळत नसे, पण कुठे काय अपुरं आहे ते चटकन दिसे. तिने बोटाने दाखवलं. "याचे डोळे राहिलेत बघ."

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "तो झोपलाय."

तिने एकदा त्या सैनिकाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. का ते तिला माहीत नव्हतं, तरी तिचा आवाज आपोआप खाली आला. "मग असू दे," ती हळूच म्हणाली. त्याने हात लांब केला आणि टेबलावरच्या दिव्याची मान भिंतीकडे वळवली, कारण उजेड सरळ त्या झोपलेल्याच्या तोंडावर येत होता.